उखाने हात वर केला

१

रविवार, १२ जानेवारी. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं. मोरखडी टेकडी, पॉइंट नंबर तीन. ऊन स्वच्छ, वारा पडलेला. हजर माणसं चार: मी, माझा धाकटा भाऊ उखा, त्याची बायको कमल आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी नूतन.

एवढं मी चार ठिकाणी लिहून दिलं आहे. पोलीस ठाण्यात, टेकडी चालवणाऱ्या पर्यटन समितीला, कलेक्टर कचेरीत, आणि ज्या मराठी पेपरात मी एकतीस वर्षं बातमीदारी करतोय त्या पेपरात. चारही ठिकाणी त्याची पोच मिळाली. पोच द्यायला या देशात कोणी कमी पडत नाही.

मी भुताखेतांवर बातम्या लिहिणारा माणूस नाही. एका मिलमध्ये बॉयलरपाशी कामगारांना बाई दिसते असा बोभाटा झाला होता, तेव्हा आठ दिवस तिथे बसून मी छापलं होतं की बाई कुठेही नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र सहा वर्षांत बदललेला नाही. मालकाने माझ्या नावाने नोटीस पाठवली. ती मी फ्रेम करून भिंतीला लावली.

हे सांगतो ते स्वतःची टिमकी वाजवायला नाही. पुढे जे लिहिणार आहे ते त्या चार कागदांत नाही. तिथे लिहायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून.

२

उखा सुरतेच्या बमरोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. लूमच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. एका खात्यात ऐंशी-नव्वद लूम, गल्लीच्या दोन्ही बाजूंनी ओळीने, आणि एका कारागिराकडे त्यातले आठ. बारा तास तो त्या गल्लीत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालतो, तुटलेला धागा जोडतो, पुन्हा चालतो. आवाज इतका की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळत नाही. म्हणून खात्यातली माणसं हातांनी बोलतात. चहा, पाणी, मालक आला, धागा तुटला, सगळ्याला खूण आहे.

एक खूण महत्त्वाची. दोन बोटं स्वतःच्या छातीवर, मग अंगठा खांद्यावरून मागे, मग उघडा तळवा आपल्या लूमच्या ओळीवरून फिरवायचा. म्हणजे: मी जातो, माझे लूम बघ. समोरच्याने उजवी मूठ सरळ डोक्यावर उचलली की झालं. घेतलं. मग तो येईपर्यंत ते लूम तुझे. सोडून जायचं नाही.

उखाने कधीच सोडले नाहीत. एकदा पलीकडच्या गल्लीतला माणूस अशीच खूण करून गेला आणि थेट पारोळ्याची गाडी धरून गावी गेला. उखा त्याचे आणि आपले मिळून सोळा लूम दोन पाळ्या चालवत राहिला. शेवटी मुकादमाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मी संतापलो होतो. "तू गाढव आहेस का?" त्यावर तो हसून म्हणाला, "भाऊ, हात वर करेल व्हता ना मी."

बावीस वर्षांत त्याचे कान गेले. घरात तो ओरडून बोलायचा आणि गॅलरीतल्या कमलशी हातांनी बोलायचा. खाली उभं राहून दोन बोटं ओठांवर नेली की वर चहा ठेवला जायचा. नूतन शाळेत जायच्या आधी त्या खुणा शिकली होती.

माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून कमल रोज मला डबा पाठवायची. मी राहतो त्या पांडेसऱ्यातून तिचं बमरोलीचं घर दहा मिनिटांवर आहे. सहलीची कल्पनाही तिचीच. "भाऊ, हे कायम खात्यात आणि तुम्ही कायम भांडणात. एक दिवस जरा झाडं बघा."

३

मोरखडी सुरतेपासून पंच्याऐंशी किलोमीटर. तीन किलोमीटरची गोल वाट, सागाचं जंगल, पाच पॉइंट. लहान मुलं, गरोदर बाया, सगळे चढतात. गेटवर सरलाबेन नावाच्या बाई मनगटाला नारिंगी कागदी बँड बांधतात. उतरल्यावर तो फाडून खोक्यात टाकायचा. बाई पाटीवर वेळ लिहितात. जेवढे चढले तेवढे उतरले की नाही ते संध्याकाळी कळावं म्हणून.

आमचे नंबर ४१ ते ४४. उखाचा ४२.

"हॉस्पिटलमधे भरती करी राहिनात का?" मनगटाकडे बघत उखा ओरडला. रांगेतली माणसं हसली.

"पप्पा, धीमे बोलो ने!" नूतन लाजली.

"काय?"

"काही नाही!" ती त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली, आणि मग तीही हसली.

उखाने हळदी रंगाचा नवा टी-शर्ट घातला होता, छातीवर पतंगाचं चित्र. दोन दिवसांवर उत्तरायण होतं, म्हणजे आपली संक्रांत. कमलने भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या केल्या होत्या, त्यांची पिशवी गाडीत होती. खाली आल्यावर जेवायचं ठरलं. पानगळ सुरू झालेली. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. दुसऱ्या पॉइंटपर्यंत मला धाप लागली.

"काय भाऊ, थकना का?"

"मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे, बैला."

"बैल तं पुढे चालस."

असं चाललं होतं. सगळं साधं होतं. मी पुन्हा पुन्हा तो अर्धा तास आठवतो आणि त्यात काही सापडत नाही. पॉइंट तीनवर समितीचा एक माणूस उभा होता, रामदासभाई. खाकी शर्ट, हात पाठीमागे बांधलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मानेनेच वाट दाखवत होता. त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही.

पॉइंट म्हणजे दरीवर आलेला एक सपाट खडक, पुढे लोखंडी कठडा. समोर दुसरा डोंगर, शंभरेक मीटरवर. त्याच्या पोटात उघडा कातळ आणि कातळावर एक अरुंद कड.

उखा कठड्याशी गेला आणि थबकला. मान तिरकी केली.

"खातं चालू शे," तो म्हणाला.

"काय?"

"आवाज येस. तुले आयकू येस नही का?"

मला काही ऐकू येत नव्हतं. ज्यांचे कान आवाजाने गेले त्यांना शांततेत तो आवाज ऐकू येतो, असं एका डॉक्टरने मला मुलाखतीत सांगितलं होतं. मी ते उखाला ओरडून सांगणार होतो. तेवढ्यात तो समोर बघायला लागला.

समोरच्या कडेवर एक माणूस होता. पांढरी बनियन. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. तो चार-पाच पावलं डावीकडे जायचा, वळायचा, चार-पाच पावलं उजवीकडे. मग तो थांबला. आमच्याकडे वळला. त्याने दोन बोटं छातीवर ठेवली. अंगठा खांद्यावरून मागे नेला. उघडा तळवा हवेत एका रेषेत फिरवला.

मला ती खूण माहीत होती. कमलला माहीत होती. आम्ही दोघं हसलो, हे मला नीट आठवतं. "बघा, इथेही तुमचा खातेवाला भेटला!" कमल म्हणाली.

आणि उखाने हात वर केला. उजवी मूठ, सरळ डोक्यावर. विचार करून नाही. शिंक आली की आपण तोंडावर हात नेतो, तसा. त्याच क्षणी नूतनने मोबाइलवर सेल्फी काढला. त्यात मी, कमल, नूतन आणि मागे मूठ वर केलेला उखा.

मी पुन्हा बघितलं तेव्हा कडेवर कोणी नव्हतं.

"चला," मी म्हणालो.

"तुम्ही चाला पुढे. मी थांबस."

"कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला ओळखीचा होता. आई वारली त्या रात्री पाळीवरून उठून घरी चल म्हणायला मी खात्यात गेलो होतो, तेव्हा असाच चेहरा केला होता त्याने. यायचं आहे, पण लूम चालू आहेत.

"थांबू द्या भाऊ," कमल म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर उभे आहेत. येतील मागून."

४

एक वाजता आम्ही खाली आलो. गेटच्या आत मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकली. दीड वाजला. नूतनला भूक लागली म्हणून तिला वाढलं. पावणेदोन. उखाचा फोन लागत होता, उचलला जात नव्हता. त्याला रिंग ऐकू येत नाही, हे काही नवीन नव्हतं.

मी गेटजवळच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये बातम्या बघत होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी वाटेवरून एक माणूस उतरला.

आता हे नीट लिहितो. हेच मी चार कागदांत लिहिलेलं नाही.

पांढरी बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, पाय अनवाणी. वय साठ, की चाळीस, सांगता येत नव्हतं. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक तंतू. खात्यात उकाड्याने माणसं अशीच उभी असतात. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर अशीच येतात. तीस वर्षं मी असे हजार चेहरे पाहिले, त्यांच्यासाठी भांडलो, त्यांच्या फोटोखाली नावं टाकली. म्हणूनच मला तो खटकला नाही. माझ्या डोक्याने त्याला परस्पर बमरोलीत नेऊन ठेवलं. पंच्याऐंशी किलोमीटरवर, जंगलात, थंडीत तो का, हा प्रश्न मला पडला नाही. प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे.

त्याने मुठीतला नारिंगी बँड खोक्यात टाकला. सरलाबेननी जेवणाचं विचारलं, "जमवानुं बाकी छे के, भाई?" त्याने वळून पाहिलं नाही. तो माझ्या पुढ्यातून गेला. मी पाय आखडून घेऊन त्याला वाट करून दिली. गेटबाहेर डांबरी रस्ता आहे. तिथे तो उभा राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. परत डावीकडे. घरी जायची वाट आठवत नसावी तसा. मी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

अडीच वाजता मी वर गेलो. पॉइंट तीनवर उखा नव्हता. रामदासभाई नव्हता. समोरची कड रिकामी होती. खाली दरीत वाकून मी त्याच्या नावाने ओरडलो. ज्या माणसाला रिंग ऐकू येत नाही त्याच्या नावाने मी घसा फुटेपर्यंत ओरडलो.

पाच वाजता सरलाबेननी खोकं उलटं केलं. दिलेले बँड एकशे सोळा. परत आलेले एकशे सोळा. ४२ नंबर त्यात होता. पाटीवर वेळ, दोन दहा.

५

"तमारा भाई तो उतरी गया," समितीचा अध्यक्ष मला म्हणाला. पांढरा झब्बा, चहाचा कप हातात. "बँड आवी गयो छे. हवे अमारी जवाबदारी नथी."

"बँड उतरलाय. माणूस कुठाय?"

"बँड आदमी के ही हाथ में होता है ना, साहब?" तो हिंदीत म्हणाला, शाळेतल्या पोराला समजावावं तसं.

मी टेबलावर हात आपटला. त्याचा चहा सांडला. त्याने शांतपणे दुसरा मागवला. माझ्या हाताला भाजलं होतं.

पोलिसांनी तक्रार घ्यायला तीन दिवस लावले. मध्ये उत्तरायण होतं. सगळी सुरत गच्चीवर होती आणि ठाण्यात एकच फौजदार, तोही खिडकीतून पतंग बघत होता. त्याने नूतनचा सेल्फी मोठा करून पाहिला.

"हात वर केलाय. खूश दिसतोय. घरात काही कटकट होती का?"

"नाही."

"दारू? दुसरी बाई? बहुतेक वेळा..."

"बहुतेक वेळा तुम्ही काय लिहिता ते मी एकतीस वर्षं वाचतोय," मी म्हणालो. "आज वेगळं लिहा."

त्याने वेगळं लिहिलं नाही. 'स्वतःच्या मर्जीने निघून गेला असावा.'

बाहेर आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गच्च्यांवर माणसंच माणसं, सगळ्यांचे हात वर. मांजा ओढणारे, ढील देणारे, मुठी आवळलेले. कमल माझ्याबरोबर होती. तिने वर बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडते आहे. ती म्हणाली, "भाऊ, तो माणूस ओळखीचा नव्हता ना?"

"कोणता?"

"समोरचा. त्याने यांनाच का सांगितलं?"

मी म्हणालो, तो कोणी गुराखी असेल, हात हलवत असेल, आपल्याला खूण वाटली. एवढी खोटी ओळ मी पेपरात कधी लिहिली नव्हती. गेटवर पाहिलेल्या माणसाबद्दल मी तिला काही सांगितलं नाही.

आठवड्याभराने, माझ्या ओळखीने, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका पोराने ड्रोन उडवला. समोरची कड पडद्यावर आली. रुंदी तीन फूट. वरून यायला वाट नाही, खालून नाही. माणूस नाही. कातळावर एक पट्टा मात्र झिजून गुळगुळीत झालेला होता. पाच पावलं लांब. दोन्ही टोकांना, वळायच्या जागी, जास्त खोल.

"जनावरं चालत असतील," ड्रोनवाला म्हणाला.

मी खात्यांतल्या फरश्या पाहिल्या आहेत. कारागिराच्या गल्लीत, दोन्ही टोकांना, फरशी अशीच झिजते. ती झिजायला किती वर्षं लागतात तेही मला माहीत आहे. आणि ती फरशी असते. हा कातळ होता.

६

२६ जानेवारी, रविवार. नूतनला शाळेच्या झेंडावंदनाला सोडून मी आणि कमल परत मोरखडीला गेलो. हट्ट तिचा होता.

पॉइंट तीनवर रामदासभाई होता. हात पाठीमागे. या वेळी मी विचारलं.

"हात मागे का ठेवता?"

"आदत छे."

"कोणाची? सगळ्यांचीच?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "हूं अहीं नोकरी करुं छुं, साहेब."

कठड्याशी आम्ही उभे राहिलो. बारा वाजले. सव्वाबारा. सहलीला आलेल्या दोन कुटुंबांनी फोटो काढले आणि गेली. मग मला तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं, माझ्याच छातीत धडधडतं आहे. खटाखट, खटाखट, एका लयीत, फार लांबून, जसा रात्री गादीवर पडल्यावर बमरोलीच्या घरात भिंतीतून येतो. माझे कान चांगले आहेत. मला कोणताही आजार नाही. मी कमलकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही येत होता.

कडेवर हळदी रंगाचा टी-शर्ट होता.

तो चालत होता. पाच पावलं. वळला. पाच पावलं. मध्ये वाकला, हवेत दोन बोटांनी काहीतरी जोडलं, पुन्हा चालायला लागला. त्याचं चालणं मी लहानपणापासून ओळखतो, डावा खांदा जरा खाली. पण मान पार गळून गेली होती. चौदा दिवस.

"उखा!" मी ओरडलो. तो थांबला नाही. अर्थातच ऐकू जाणार नव्हतं.

मग तो थांबला. आमच्याकडे वळला. खूप वेळ नुसता उभा राहिला. मग दोन बोटं छातीवर. अंगठा खांद्यावरून मागे. तळवा हवेत फिरवला, आणि तो हात मधेच खाली पडला, इतका तो दमला होता. त्याने तो परत उचलला आणि खूण पूर्ण केली.

कमलचा उजवा हात वर जायला लागला होता. मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा, भाऊ."

"नूतन आहे घरी."

"त्यांची मान बघा. बघा ना जरा."

"कमल, नूतनला कोण..."

"सोडा मला!" ती झटापट करत होती, आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा जेठ, धाकट्या भावाच्या बायकोचं मनगट पिरगाळून धरलं होतं. पायाखालची पानं चुरा झाली. रामदासभाई डोळे मिटून उभा होता.

एकदम तिने झटापट थांबवली. माझ्या तोंडाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बरं. मग तुम्ही करा."

तिचं बरोबर होतं. मी एकटा. मागे कोणी नाही. मुलगी वाढवायची नाही. नोकरीची दोन वर्षं उरलेली. बाकी सगळ्यांना आयुष्यभर मी विचारत आलो: जबाबदारी कोणाची? नाव सांगा, हात वर करा.

माझे दोन्ही हात तिच्या मनगटावर होते. मी ते काढले नाहीत.

समोर त्याने पुन्हा एकदा खूण केली. मग थोडा थांबला, वळला आणि चालायला लागला. पाच पावलं.

"नीचे चलो, साहेब," रामदासभाई म्हणाला.

७

त्यानंतर कमल माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज आला. नूतन घेऊन यायची. भाजी, भाकरी, कधी शेव. मी रिकामा डबा धुऊन द्यायचो. चिठ्ठी टाकावी असं दोनदा वाटलं. काय लिहिणार?

या दिवसांत मी कलेक्टर कचेरीत गेलो, माहितीच्या अधिकारात तीन अर्ज टाकले. टेकडीवर आजवर किती माणसं हरवली? उत्तर: एकही नाही. दिलेले सर्व बँड परत आलेले आहेत. पॉइंट तीनसमोरच्या कडेची पाहणी झाली आहे का? उत्तर: सदर ठिकाण पर्यटन मार्गात येत नाही. मी चिडून दुसरे अर्ज लिहिले. खरं सांगायचं तर त्या चिडण्याचा मला आधार होता. लिहीत असलो की हात गुंतलेले राहायचे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. नूतन सकाळी नऊ वाजता डबा घेऊन आली, पाठीवर दप्तर आणि हातात कपड्यांची पिशवी.

"मोठे पप्पा, आज शाळेतून तुमच्याकडेच यायचंय. आई मावशीकडे गेली, पलसाण्याला."

"कधी येणार?"

"नाही सांगितलं."

बाराला मी डबा उघडला. चार कप्प्यांचा डबा, एरवी दोन भरलेले असायचे. त्या दिवशी चारही भरलेले होते. दोन माणसांचं, दोन वेळचं. वरच्या कप्प्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या.

पलसाण्याला फोन केला. कमल तिथे गेलीच नव्हती. मग मी मोरखडीच्या गेटवर फोन लावला. सरलाबेननी पाटी बघितली. हो, एक बाई एकट्या आल्या होत्या, अकरा वाजता, तुमच्याबरोबर गेल्या खेपेला होत्या त्याच. बँड नंबर १७. अजून वर आहेत.

मी भाड्याची गाडी केली. रस्त्यात ट्रक उलटला होता, पोचायला सव्वातीन झाले. खोक्यात १७ नंबर होता. परत आल्याची वेळ दोन दहा.

"त्या बाईने टाकला?"

"ना. एक भाई आव्या'ता. पीळुं टी-शर्ट, पतंगवाळुं." सरलाबेन माझ्याकडे बघत नव्हत्या. "बोल्या नहीं. हाथथी कंईक कीधुं, आम." त्यांनी दोन बोटं ओठांवर नेली.

चहा.

"मग?"

"पछी बहार रस्ता पर ऊभा रह्या. आ बाजु जोयुं, पेली बाजु जोयुं. हूं बीजा लोकोने बँड बांधती हती. पछी जोयुं तो कोई नहीं."

त्याला दोन्ही बाजूंना बघताना त्यांनी पाहिलं होतं, जाताना नाही. डावीकडे सुरत. मी गाडी तिकडे वळवली. वीस किलोमीटर प्रत्येक टपरीवर विचारलं. मग उलट येऊन उजवीकडे गेलो, रस्ता संपेपर्यंत. नंतर परत गेटवर आलो. अजून उजेड होता. पॉइंट तीन तिथून पंचवीस मिनिटांवर आहे. मी वर गेलो नाही.

फौजदाराने या वेळी तक्रार लगेच घेतली. 'दोघेही टेकडीवरून उतरले असून पती-पत्नी एकत्र निघून गेले असावेत.' खाली त्याची सही आहे आणि माझीही आहे.

नूतन माझ्याकडे असते. शाळेतून येते, जेवते, गॅलरीत उभी राहून खाली रस्त्याकडे बघते. काल तिने मला विचारलं, "मोठे पप्पा, रविवारी आपण जायचं का टेकडीवर?" मी म्हणालो, बघू. तिचा उजवा हात कठड्यावर होता. मी तो उचलून माझ्या हातात घेतला आणि तिला आत आणलं.

मोरखडीच्या गेटपासून बमरोलीच्या घरापर्यंत पंच्याऐंशी किलोमीटर आहेत. दमलेला माणूस अनवाणी चालत निघाला तरी चार दिवसांत पोचतो. घराच्या दाराला मी कुलूप लावलेलं नाही. गॅसवर पातेलं आहे, साखर-चहाचे डबे बाजूला काढून ठेवले आहेत. बँड नंबर १७ दोन वाजून दहा मिनिटांनी परत आला, त्याला आज अकरा दिवस झाले. बँड देऊन गेलेला माणूस अजून घरी आलेला नाही.